तीन कागद, एक बंदूक

आमच्या घरातील बारा बोअरची बंदूक ६ मार्च २०२५ रोजी माझ्या नावाच्या परवान्यावर चढली. वडील गेल्यानंतर या कामाला पंधरा महिने लागले आणि त्यांतला बराच काळ एकाच प्रश्नात अडकून गेला, तो म्हणजे ही बंदूक नेमकी कोणती. हा प्रश्न हौसेतून आलेला नव्हता. सरकारी दप्तरात आमच्या एका बंदुकीच्या तीन वेगवेगळ्या बंदुका झालेल्या होत्या आणि त्या तिन्ही पुन्हा एक करून दिल्याशिवाय फाईल पुढे सरकणार नव्हती. खानदेशात अशी जुनी, आजोबा-पणजोबांच्या नावाची शस्त्रे असलेली घरे अजून आहेत. त्यांच्यावर ही वेळ आली तर काय काय होते ते क्रमाने कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे गाव तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. २०२३ च्या दसऱ्याला नानांनी नेहमीप्रमाणे बंदूक पुसून पाटावर ठेवली, तिला झेंडू वाहिला, आणि दिवाळी सरल्यावर आठवड्याभरात ते गेले. तेराव्यानंतर कपाटातले कागद काढताना शस्त्र परवाना हाती आला. त्यावर मुदत अजून वर्षभराची शिल्लक दिसत होती, त्यामुळे पुण्याचा दादा म्हणाला, “वर्षभर काही करायची गरज नाही.” हा समज चुकीचा आहे आणि बहुतेक घरांत तोच असतो. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नव्हे. माणूस गेला की मुदत कितीही शिल्लक असली तरी घरातील इतरांनी ते शस्त्र बाळगणे कायदेशीर राहत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते.

दुसरा समज आप्पाकाकांचा होता. “शंभर वर्षांची जुनी वस्तू, तिला कसला परवाना?” असे ते ठामपणे सांगत होते. कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे हे खरे, पण ती जे शस्त्र दुरुस्त करूनही चालू शकत नाही त्याच्यापुरती आहे. आमची बंदूक तर तेल दिले की लोण्यासारखी चालत होती. म्हणजे वय कितीही असो, कायद्याच्या नजरेत ती बंदूकच.

४ डिसेंबर २०२३ रोजी, सोमवारी, मी आणि आप्पाकाका पोलीस ठाण्याला आधी कळवून, सांगितलेल्या वेळी बंदूक आणि नानांची उरलेली अकरा काडतुसे जमा करून आलो. तिथे पंचनामा झाला आणि पावती मिळाली. ती पावती मी घाईत वाचली, पिशवीत ठेवली आणि घरी आले. संपूर्ण प्रकरणातील माझी सर्वांत महाग चूक हीच. जमा पावतीवरील शस्त्राचे वर्णन आणि क्रमांक तिथेच, बंदूक समोर असताना, परवान्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. मला ते पुढे नऊ महिने पुरले.

डिसेंबर आणि जानेवारी कागद जमवण्यात गेले. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, आई, दादा आणि धाकट्या बहिणीचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र, माझे ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, शेताचा सातबारा. दादाला बंदूक नको होती, बहिणीला तिची भीती वाटत होती, आणि आईने एवढेच म्हटले की नानांनी जी वस्तू पंचेचाळीस वर्षे सांभाळली ती भंगारात जाऊ नये. त्यामुळे शाळेत गणित शिकवणाऱ्या, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या माझ्याकडे हे काम आले. नंतर कळलेली एक गोष्ट इथेच सांगते. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले की तो हयात असतानाच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. नानांचे वय ८१ होते. हे आधी ठाऊक असते तर बंदुकीबद्दलचा प्रत्येक प्रश्न त्यांनाच विचारता आला असता.

ऑनलाइन अर्ज २ फेब्रुवारी २०२४ रोजी भरला आणि छापील प्रत कागदांसह जिल्ह्याच्या ठिकाणी दिली. १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. निवडणुकीत असलेली शस्त्रेसुद्धा जमा करून घेतात, तेव्हा नवा परवाना कोण काढणार? जळगाव आणि रावेरचे मतदान १३ मे रोजी झाले, आचारसंहिता जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली आणि ८ जुलैला मला पत्र आले: नोंदींत तफावत आढळत असल्याने लेखी खुलासा सादर करावा.

मी तिन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. पहिला आजोबांचा १९५३ सालचा, पुठ्ठ्याच्या बांधणीचा परवाना. त्यावर ‘पूर्व खानदेश’ जिल्ह्याचा शिक्का होता. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा, १९६० मध्ये, त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली; त्यामुळे तो शिक्काच कागदाचे वय सांगत होता. त्यात वळणदार इंग्रजीत ‘विंचेस्टर रिपीटर, १२ बोअर’, म्हणजे विंचेस्टर कंपनीची, एकदा भरून एकामागे एक बार काढता येणारी बंदूक, असे लिहिलेले होते आणि सहा आकडी क्रमांक होता. दुसरा नानांच्या नावे १९७८ मध्ये झालेला परवाना. त्यात ‘एसबीबीएल’, म्हणजे मागून काडतूस भरायची एकनळी, एवढेच वर्णन होते. क्रमांक तोच, पण त्याच्या आधी ‘ई’ हे अक्षर होते आणि चौथा आकडा टाइपरायटरच्या शाईत बुजला होता. तिसरी जमा पावती. तिच्यावर लिहिले होते ‘दुनळी बंदूक, क्रमांक २५९०’.

रिपीटर, एकनळी, दुनळी. ती पावती वाचताना मला हसू आले आणि लगेच पोटात गोळाही आला, कारण कागदोपत्री अर्थ असा निघत होता की विंचेस्टरची एक बंदूक आमच्याकडून बेपत्ता आहे आणि कुठलीशी अनोळखी दुनळी मात्र आम्ही जमा केली आहे.

खुलासा लिहायचा तर बंदूक पाहायला हवी होती, आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ती पावसाळ्यात गंजेल ही भीतीही होती. म्हणून शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे हलवण्याचा अर्ज दिला. हे हलवणेही वारसाने स्वतः करू नये. परवानगीचे पत्र, विक्रेत्याची पोच आणि पोलिसांची नोंद या मार्गानेच ती जावी. २२ जुलैला बंदूक दुकानात पोहोचली. ठेवण्याचे भाडे महिन्याला ३०० रुपये ठरले. त्या दुकानात सत्तरी उलटलेले एक मिस्त्री बसतात, त्यांना सगळे चाचा म्हणतात. मी हात लावायचा नाही, फक्त पाहायचे आणि लिहून घ्यायचे, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले आणि मग बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ती जाड कापडावर आडवी ठेवली.

दुनळीचे कोडे त्यांनी क्षणात सोडवले. या बंदुकीला वर एक नळी असते आणि तिच्याखाली, जवळजवळ तेवढ्याच जाडीची पण लांबीने कमी, दुसरी नळी असते. खालची नळी गोळी सोडणारी नव्हे. ती मॅगझिन आहे, तिच्यात एकामागे एक पाच काडतुसे राहतात. तिच्यावरून सरकणारा लाकडी मुठा मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढे ढकलला की नवे नळीत जाते, म्हणून पंप ॲक्शन. समोरून पाहणाऱ्याला दोन गोल दिसतात आणि दुनळीची सवय असलेला हात ‘दुनळी’ लिहून मोकळा होतो. आपल्याकडे बारा बोअर म्हटले की शेजारी शेजारी नळ्यांची दुनळीच डोळ्यांसमोर येते, तेव्हा पंचनामा लिहिणाऱ्याला फार दोष देता येत नाही.

‘२५९०’ शोधायला मात्र तासभर लागला. चाचांनी चिंधीवर थोडे रॉकेल घेऊन नळीची बाजू पुसली आणि बॅटरी वरून न धरता जवळजवळ आडवी धरली. आडव्या उजेडात झिजलेली अक्षरे सावली टाकतात आणि जी सरळ पाहून वाचता येत नाहीत ती उठून दिसतात. नळीवर कंपनीचे नाव, न्यू हेवन, कनेक्टिकट हे गाव, आणि पुढे ‘पॅट. नोव्ह. २५. ९०’ असे काही होते. २५ नोव्हेंबर १८९० ही या बंदुकीची रचना करणाऱ्या जॉन ब्राउनिंग यांच्या पेटंटची तारीख. तिच्यातले २५ आणि ९० उचलून कोणीतरी बंदुकीचा क्रमांक केला होता. आमच्या घरातली ‘ही १८९० सालची बंदूक’ ही पिढीजात कथाही याच तारखेतून निघालेली असणार. पेटंटची तारीख म्हणजे बनावटीची तारीख नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले.

मग चाचांनी ओळख पटवण्याची त्यांची रीत दाखवली, आणि गणिताच्या शिक्षिकेला ती फारच आवडली, कारण ती एकेक शक्यता वगळत जाते. पहिला प्रश्न, घोडा, म्हणजे चाप ओढताच आदळून बार उडवणारा भाग, बाहेर दिसतो की नाही. विंचेस्टरची १९१२ ची बंदूक, रेमिंग्टनच्या जुन्या पंप बंदुका, १९३७ पासूनची इथाका या सगळ्यांचा घोडा पेटीच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या पोलादी घराच्या, आत दडलेला असतो. आमच्या बंदुकीचा घोडा मागच्या बाजूला उघडा, अंगठ्याने ओढता येईल असा. उघड्या घोड्याच्या पंप बंदुका मार्लिन कंपनीनेही केल्या होत्या, म्हणून दुसरा प्रश्न नावाचा. मुठ्याला जोडलेल्या पोलादी पट्टीवर ‘मॉडेल १८९७’ अशी अक्षरे मिळाली. ब्राउनिंग यांनी आधी १८९३ चे मॉडेल काढले होते, ते काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होते. धूर न करणाऱ्या नव्या दारूचा जोर सोसावा म्हणून पेटी भक्कम करून १८९७ चे मॉडेल आले आणि ते १९५७ पर्यंत, साठ वर्षे, बनत राहिले. अशा दहा लाखांहून अधिक बंदुका झाल्या, म्हणजे आमची काही दुर्मीळ नव्हे. आप्पाकाकांना हे अजून पटलेले नाही.

खरा क्रमांक पेटीच्या पोटाखाली, पुढच्या टोकाला होता: वर ‘ई’ आणि खाली सहा आकडे. ही बंदूक दोन भागांत सुटी होणारी असल्याने तोच क्रमांक नळीकडच्या भागावरही असायला हवा होता. चाचांनी मॅगझिनची नळी फिरवून पुढे ओढली, नळीला पाव फेरा दिला आणि बंदूक हळूच दोन तुकड्यांत वेगळी झाली. दोन्हीकडे तोच क्रमांक होता; १९७८ च्या कागदावर बुजलेला आकडा ७ निघाला. दोन्ही भाग मूळचे एकमेकांचेच आहेत हे त्यामुळे ठरले. ‘ई’ हे अक्षर मॉडेलमध्ये होत गेलेल्या सुधारणांचा टप्पा दाखवते; १९५३ च्या लेखनिकाने ते क्रमांकाचा भाग न समजता सोडून दिले होते. क्रमांक पाच लाखांच्या पुढचा असल्याने बनावट १९१० च्या दशकातील ठरते. अमेरिकेत वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालय विंचेस्टरच्या मूळ नोंदवहीवरून पत्र देते, पण या मॉडेलच्या फक्त सुरुवातीच्या क्रमांकांच्या नोंदी तिथे आहेत, त्यामुळे तो मार्ग आमच्यासाठी बंद होता. नळीवर आणि पेटीवर लंबगोलात ‘डब्ल्यूपी’ ही कंपनीची परीक्षणमुद्रा होती. ती १९०५ पासून मारली जाऊ लागली, तेव्हा तीही या काळाशी जुळते.

नळीच्या बुडाशी आणखी काही खुणा होत्या आणि त्यांत ‘नॉट इंग्लिश मेक’ असे स्पष्ट शब्द होते. लहानपणी एका पाहुण्याने हे वाचून आजोबांना “तुमची बंदूक डुप्लिकेट आहे” असे सुनावले होते आणि त्यांनी त्या पाहुण्याशी बोलणे सोडले होते, ही गोष्ट मी चाचांना सांगितली. ते मनापासून हसले. परदेशी बंदूक इंग्लंडमध्ये विकायची तर तिथल्या परीक्षणगृहात जास्त भाराचे काडतूस उडवून तिची नळी तपासून घ्यावी लागे, आणि ती इंग्रजी बनावटीची नाही हे ग्राहकाला कळावे म्हणून हे शब्द ठोकत. सोबतच्या मुकुटाच्या खुणा बर्मिंगहॅमच्या होत्या. म्हणजे बंदूक अमेरिकेत जन्मली, इंग्लंडमध्ये परीक्षा देऊन पास झाली आणि तिथून हिंदुस्थानात आली. पाहुण्याने ज्याला खोटेपणाचा डाग म्हटले तो खरेपणाचा दाखला होता. आजोबा हयात नाहीत, पाहुणेही नाहीत.

चाचांनी शेवटी गजाने नळीची लांबी मोजली: ३० इंच. हे मोजमाप खुलाशात अवश्य लिहावे, कारण २० इंचांपेक्षा आखूड नळीची बंदूक वेगळ्या, निर्बंधित वर्गात जाते, आणि पंप ॲक्शन हे शब्द ऐकताच काहींच्या मनात चित्रपटातली आखूड बंदूक येते.

कागदाचे काम इथे संपले होते, पण चाचांनी बंदूक लगेच आत ठेवली नाही. “आता चालताना बघा,” म्हणाले आणि त्यांनी मुठा सावकाश मागे ओढला. मी ती बंदूक पन्नास वर्षे पाहिली होती, पण अशी नव्हे. पेटीच्या पोटातून काडतूस उचलणारी पाळ खाली उतरते, नळीचे मागचे तोंड बंद करणारा वरचा बोल्ट सरळ पेटीच्या मागून बाहेर येतो आणि जाता जाता घोडा मागे दाबून ठेवतो. मुठा पुढे नेला की सगळे उलट क्रमाने परत जाऊन बसते आणि शेवटी एक जड, भरीव ‘खटाक’ होते. एकाच हाताच्या एकाच हालचालीत पाच-सहा कामे होतात आणि प्रत्येक भाग दुसऱ्याला वाट करून देतो. मुठ्यावर मक्याच्या कणसासारख्या गोल खाचा आहेत, त्या आमच्या बंदुकीत डाव्या बाजूला जास्त झिजल्या आहेत. अक्रोडाच्या दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथे लाकूड काळपट आणि गुळगुळीत झाले आहे. चाचा म्हणाले की या दोन गोष्टींना पॉलिश लावू देऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. गंजावर पॉलिश पेपर तर मुळीच नको. अक्षरे आणि मुद्रा गेल्या की बंदुकीची ओळखच गेली.

तिचे धोकेही त्यांनी त्याच ओघात सांगितले. हिला वेगळा सुरक्षा खटका नाही, घोडा अर्ध्यावर ठेवणे हीच सुरक्षा. चाप दाबून धरला आणि मुठा पुढे नेला तर नळी बंद होताक्षणी बार उडतो. नव्या बंदुकांत तसे होत नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी आखूड नळीच्या याच बंदुका खंदकांत वापरल्या तेव्हा जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये अधिकृत निषेध नोंदवला होता. आणि मागे येणारा बोल्ट अंगठ्याचे बेचके फाडतो, म्हणून पकड नेहमी खाली. नानांच्या उजव्या हाताच्या बेचक्यात एक पांढरा वण होता. तो विळ्याचा असेल असे मी आजवर समजत होते.

१ ऑगस्टला विक्रेत्याच्या छापील कागदावर वर्णनाचे पत्र मिळाले, त्याचे १,५०० रुपये झाले. सोबत मी क्रमांकाची जवळून घेतलेली छायाचित्रे आणि बटर पेपर ठेवून पेन्सिलीने घासून काढलेले दोन्ही ठिकाणांचे ठसे जोडले. छायाचित्रावर चमक येते म्हणून शंका घेता येते, पेन्सिलीच्या ठशावर कोणी शंका घेत नाही. एक तक्ता करून तिन्ही कागदांतील प्रत्येक शब्द का वेगळा आहे ते एकेका ओळीत लिहिले. ३ सप्टेंबरला दुकानात पुरवणी पंचनामा झाला. या वेळी मी तो तीनदा वाचला.

त्यानंतरचे सांगण्यासारखे फार नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत पुन्हा सगळे थांबले. त्याच्या तीन दिवस आधी आलेल्या दसऱ्याला आईने पाटावर फक्त कोयता आणि विळा ठेवला आणि मधली जागा मोकळी सोडली. या रिकाम्या काळात मी शस्त्र सुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण केले. वर्गात मी एकटीच बाई होते आणि पहिला अर्धा दिवस सगळे मला कोणाची तरी पालक समजत होते. वैद्यकीय प्रमाणपत्रात मानसिक स्वास्थ्याचाही भाग असतो, तेव्हा त्यासाठी दोन फेऱ्या धराव्यात. जानेवारीत पोलीस चौकशी झाली. घरात कुलपाची जागा कुठे, काडतुसे वेगळी कुठे ठेवणार, घरात कोण कोण राहते, असे नेमके आणि योग्य प्रश्न विचारले. सरकारी चलन सोडून माझा एकूण खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास गेला. त्यात दुकानाचे भाडे, प्रशिक्षण, नोटरी आणि एसटीच्या चौदा फेऱ्या आल्या.

परवाना २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पाच वर्षांचा मिळाला. शस्त्राच्या रकान्यात बारा बोअर, एकनळी, पंप ॲक्शन, विंचेस्टर १८९७ आणि ‘ई’ अक्षरासह पूर्ण क्रमांक, असे सारे एका ओळीत बसले होते. काडतुसे मी अजून घेतलेली नाहीत. भुसावळजवळ वरणगावला लष्कराची काडतुसे होतात, पण बारा बोअरची आपल्याकडे खडकीच्या कारखान्याची चालतात आणि ती कोणत्या लांबीची घ्यायची हे चाचांनी काडतूस बसण्याची जागा मोजून लिहून दिले आहे. नानांची अकरा मात्र परत घेतली नाहीत. जुन्या काडतुसांचा भरवसा धरू नये, असे त्यांचे मत पडले.

१० मार्चला, होळीच्या तीन दिवस आधी, बंदूक घरी आली. ओसरीवर बसून मी ती रिकामी असल्याचे दोनदा पाहिले, चाचांनी शिकवल्याप्रमाणे नळी भिंतीकडे केली आणि मुठा मागे ओढू लागले. आई आत भाकरी थापत होती. तिने मान वळवलीसुद्धा नाही.

“आंगठा खाले ठेव,” ती म्हणाली. “तुन्हा नानास्ना असाच फाटेल व्हता.”